भोसरी ते चाकण, रोज १०० मिनिटं: बाइक चालवणं व्यायामात धरायचं का?

कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टर विचारतात, "आठवड्यात व्यायाम किती होतो?" समोरचा माणूस सरळ उत्तर देतो, "डॉक्टर, रोज जाऊन-येऊन १०० मिनिटं गाडी चालवतो. घरी पोचेपर्यंत अंग मोडून येतं. याहून वेगळा व्यायाम कशाला हवा?" त्याच्या बाजूने पुरावाही आहे. शारीरिक हालचालींच्या ऊर्जाखर्चाचा जगभर वापरला जाणारा तक्ता त्याने मोबाइलवर काढून ठेवलाय आणि त्याच्या २०११ च्या आवृत्तीत मोटरसायकलसमोर ३.५ मेट (ऊर्जाखर्चाचं एकक) असा आकडा आहे. तीन मेटपासून मध्यम तीव्रतेचा व्यायाम सुरू होतो, हेही त्याला ठाऊक आहे.

हे एका ठरावीक व्यक्तीचं नोंदपत्रक नाही. पुणे-नाशिक महामार्गावर रोज सकाळी हजारोंनी दिसणाऱ्या स्वाराचं हे नमुना-प्रकरण आहे. प्रत्येकाला आपले आकडे घालून गणित पडताळता यावं म्हणून माणूस नेमका ठरवला आहे. वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२ किलो, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) ६.१ टक्के. कुठलंही औषध चालू नाही. काम गुणवत्ता विभागात, निम्मं उभ्याने, निम्मं संगणकासमोर. गाडी १०० सीसीची, वजन ११२ किलो. भोसरीहून मोशीमार्गे चाकण एमआयडीसी एका बाजूने साधारण २० किलोमीटर, कोंडी धरून ५० मिनिटं. आठवड्याचे सहा दिवस, गुरुवारी सुट्टी.

भारतीय पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला की पोटातली चरबी जास्त मानतात, आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. म्हणून हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही. "व्यायाम होतोच आहे" असं धरलं तर या माणसाची पुढची दहा वर्षं एका दिशेने जातात. "होत नाही" असं धरलं तर वेगळ्या दिशेने.

कागदावरचं गणित

एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च: दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू, ढोबळमानाने तासाला किलोमागे १ किलोकॅलरी. आपल्या स्वाराची आठवड्याची ६०० मिनिटं ३.५ ने गुणली की २१०० मेट-मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. १५० मिनिटं ४ मेटने धरली तर ६०० मेट-मिनिटं. म्हणजे हा माणूस कागदावर किमान गरजेच्या साडेतीनपट व्यायाम करतो. साडेतीनपट व्यायाम करणाऱ्याची कंबर ९८ सेंटिमीटर का, हा प्रश्न इथेच पडायला हवा.

त्याच तक्त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत मोटरसायकलसमोर २.५ मेट होते. २०११ च्या आवृत्तीत ते ३.५ झाले. ८२ किलोच्या माणसाला १०० मिनिटांसाठी २.५ मेटने सुमारे ३४२ किलोकॅलरी येतात, ३.५ ने ४७८. रस्ता तोच, गाडी तीच, माणूस तोच, आणि फक्त आवृत्ती बदलल्याने रोजच्या १३६ किलोकॅलरी वाढल्या. तक्त्यातला प्रत्येक आकडा माणसाच्या तोंडाला मास्क लावून मोजलेला नसतो, काही आकडे मिळत्याजुळत्या कामांवरून बसवलेले असतात. तक्ता करणाऱ्यांनीही तो एकेका माणसाचा नेमका खर्च काढण्यासाठी नाही, तर सर्वेक्षणांमध्ये एकवाक्यता यावी म्हणून आहे, असं स्पष्ट म्हटलं आहे.

दुसरी चूक यात लपलेली असते. ४७८ हा एकूण खर्च झाला. तो माणूस त्या वेळात नुसता बसला असता तरी तक्त्यात बसण्यासमोर दिलेल्या १.३ मेटने १७८ किलोकॅलरी गेल्याच असत्या. म्हणजे गाडीमुळे झालेला जादा खर्च वरच्या आकड्याने ३००, खालच्या आकड्याने १६४. चाकणला उतरल्यावर चहाबरोबर एक वडापाव खाल्ला की हिशोब साधारण तिथेच मिटतो.

सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या या बाबतीत तक्त्यापेक्षा काटेकोर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची शारीरिक हालचालींची प्रश्नावली प्रवासाच्या रकान्यात फक्त चालणं आणि सायकल विचारते. इंजिनावर चाललेला प्रवास त्यात व्यायाम म्हणून येतच नाही.

मोजून पाहायचं कसं

वादाचा निकाल लावायला प्रयोगशाळा लागत नाही. छातीला बांधायचा हृदयठोक्यांचा पट्टा, मोबाइल आणि तीन दिवस पुरतात. मनगटावरचं घड्याळ मात्र इथे चालणार नाही. ते त्वचेखालच्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून ठोके मोजतं. मूठ आवळलेली, स्नायू ताणलेले आणि हँडलची थरथर चालू असताना ते कधी ७० दाखवतं, कधी १४०. पावलांचंही तेच. खडबडीत रस्त्यावर मनगटावरची पट्टी किंवा खिशातला मोबाइल हादऱ्यांना पावलं समजतो. काही ॲप कोंडीतली संथ गाडी सायकल म्हणून नोंदवतात, आणि ताशी १६ ते १९ किलोमीटरची सायकल तक्त्यात ६.८ मेटची आहे. अशी २० मिनिटं चुकून नोंदली गेली की ८२ किलोच्या माणसाच्या खात्यावर १८६ किलोकॅलरी फुकट जमा होतात. "ॲपमध्ये तर हिरवं वर्तुळ पूर्ण झालंय" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

पट्टा बांधताना सेन्सरची बाजू पाण्याने ओली करायची, छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली घट्ट बसवायचा. मोजणीआधी तासभर चहा-कॉफी आणि तंबाखू टाळायची, कारण दोन्हींनी ठोके वाढतात. पाच मिनिटं खुर्चीत बसून नोंद. मग नेहमीसारखी गाडी चालवून नोंद. आणि त्याच दिवशी सपाट रस्त्यावर १० मिनिटं ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने चालून तिसरी नोंद. ही तिसरी नोंद बहुतेक जण गाळतात, आणि निकाल तिच्यातच असतो.

आपल्या नमुन्यातल्या माणसाचे अपेक्षित आकडे असे धरू: बसल्यावर ७६, मोकळ्या रस्त्यावर गाडीवर ८४, चौकातल्या कोंडीत ९२ ते ९६, ट्रकने अचानक आडवं घातल्यावर काही सेकंद १०४, पार्किंगमध्ये चढावर गाडी ढकलताना ४० सेकंद १२०. आणि चालताना ११४.

वयावरून कमाल ठोक्यांचा अंदाज काढायचं एक सूत्र आहे: २०८ वजा वयाचा ०.७ पट. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते १७७ येतं. मध्यम व्यायाम म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के, इथे ११३ ते १३५. चालणं त्या मर्यादेत शिरतं. स्वारी शिरत नाही. फक्त गाडी ढकलण्याची ४० सेकंदं शिरतात, तीही दिवसातून एकदोनदा.

गाडी चालवण्याचा खर्च आणि ताशी ५ किलोमीटरने चालण्याचा खर्च, दोन्ही २०११ च्या तक्त्यात ३.५ मेटच आहेत. ते खरोखर सारखे असते तर ठोके निदान सारखे दिसायला हवे होते. उलट गाडीवर ठोके थोडे जास्तच दिसायला हवेत, कारण तिथे सावधपणा, भीती, ऊन, हेल्मेट आणि मूठ आवळणं, या सगळ्यांनी प्राणवायूची मागणी न वाढताही ठोके वाढतात. म्हणजे स्वारीचे ठोके प्राणवायूच्या खर्चापेक्षा फुगलेले असतात. फुगूनही ते चालण्याच्या मागेच राहत असतील, तर प्रत्यक्ष खर्च ३.५ मेटच्या बराच खाली आहे हे उघड आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी केलेला आणि हार्ले-डेव्हिडसनने पैसा पुरवलेला एक अभ्यास या चर्चेत हमखास येतो. त्यात २० मिनिटांच्या स्वारीने ठोके ११ टक्के आणि अ‍ॅड्रेनलिन २७ टक्के वाढलेलं दिसलं, आणि हलक्या व्यायामाशी तुलना झाली. ७६ वर ११ टक्के वाढ म्हणजे ८४. आपल्या माणसाचा मोकळ्या रस्त्यावरचा आकडा आम्ही तिथेच धरला आहे. हा अभ्यास स्वारी मेंदूला जागं ठेवते हे सांगायला उपयोगी पडतो, व्यायामाची बाजू मांडायला नाही.

मग अंग का मोडतं?

माणूस खोटं बोलत नाही. तो खरंच दमलेला असतो. पण दमणं आणि व्यायाम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या प्रकरणातला सगळा घोळ या दोन गोष्टी एक धरल्यामुळे झाला आहे.

हृदय, फुप्फुसं आणि साखरेवरचा ताबा सुधारतो तो मोठे स्नायू लयीत आकुंचन-प्रसरण पावले की: मांड्या, नितंब, पोटऱ्या. चालताना पोटरी दर पावलाला रक्त वर ढकलते, हृदयाकडे जास्त रक्त परततं, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं. मांडीचा स्नायू काम करताना इन्सुलिनवर फारसा अवलंबून न राहता रक्तातली साखर ओढून घेतो. गाडीवर हेच मोठे स्नायू निवांत असतात. डावा पाय गिअर बदलतो, उजवा ब्रेक दाबतो, बाकी मांड्या टाकीला टेकलेल्या.

काम पडतं ते लहान स्नायूंवर, आणि तेही न हलता. क्लच दाबून धरणारे पुढच्या हाताचे (कोपर ते मनगट) स्नायू, हेल्मेटचं वजन तोलणारी मान, पाठीच्या कण्यालगतचे पट्टे, खांदे. स्नायू आकुंचन पावून तसाच थांबला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, कचरा साचतो, जळजळ होते. थकवा येतो, पण हृदयाला त्याचा सराव मिळत नाही. त्यावर हादऱ्यांची भर. युरोपीय संघाच्या २००२ च्या कामगार-सुरक्षा नियमांत आठ तासांच्या हिशोबाने संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनासाठी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कारवाईची आणि १.१५ ही कमाल मर्यादा आहे. कंपन हा नियमाने रोखायचा भार आहे, कुणी तो व्यायाम म्हणून मोजत नाही. शिवाय ट्रकांमधून वाट काढताना १०० मिनिटं ताणलेलं लक्ष. घरी पोचल्यावर येणारा "आता काही नको" हा भाव बराचसा इथून येतो.

आमच्या मते या स्वारीचा खरा तोटा हाच आहे. ती व्यायाम देत नाही, आणि संध्याकाळी व्यायामाला लागणारी उमेदही घेऊन जाते.

कुठे उत्तर उलटं येतं

हाच प्रश्न मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या, स्वाराने विचारला असता तर उत्तर "हो" असतं. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये ऑफ-रोड स्वारांना प्रत्यक्ष मोजणीची साधनं लावून पाहिलं. चारचाकी एटीव्हीवर प्राणवायूचा सरासरी खर्च किलोमागे मिनिटाला १२.१ मिलिलिटर, ऑफ-रोड मोटरसायकलवर २१.३. म्हणजे सुमारे ३.५ आणि ६ मेट. कारण उघड आहे. तिथे स्वार फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा असतो. उडीनंतर मांड्या शॉकअपचं काम करतात, दर वळणाला धड गाडीच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जातं. शर्यतीच्या मोटरसायकलींवर हाताच्या स्नायूंवर इतका ताण येतो की पुढच्या हाताचा स्नायू त्याच्या वेष्टणात फुगून घट्ट होतो. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतमालिकेतल्या दानी पेद्रोसाला २०१५ मध्ये याचसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

त्यामुळे "बाइक चालवणं" हा एकच प्रकार नाही. बसून की उभं राहून, डांबर की माती, लयीत हालचाल की आवळलेली मूठ, यावर उत्तर ठरतं. १९५ किलोची ३५० सीसी घेतली म्हणजे व्यायाम वाढला, हा समज मात्र चुकीचा आहे. चालत्या गाडीचं वजन चाकं पेलतात, स्वार नाही. जड गाडीने वाढतो तो पार्किंगमधला झगडा आणि कमरेला झटका बसायची शक्यता.

निर्णय आणि आखणी

तपासणीच्या अर्जावर या माणसाचा व्यायाम शून्य मिनिटं लिहायचा. त्याचा प्रवास "हलकी हालचाल, दीर्घकाळ बैठक" या सदरात. मग क्रम असा: आधी गाडीचा थकवा कमी करायचा, नंतर चालणं जोडायचं. उलट केलं तर दुसऱ्या आठवड्यात चालणं सुटतं.

गाडीचं काम मेकॅनिककडे अर्ध्या दिवसात होतं. क्लच केबल जुनी असेल तर बदलायची. वंगण संपलेल्या, आतून तारा तुटायला लागलेल्या केबलने लिव्हर बराच जड होतो आणि कोंडीत तो शेकडो वेळा दाबावा लागतो. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढील ठेवायची. लिव्हरचा कोन असा की बोटं त्यावर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यावी. कारखान्यातून येतो तसा आडवा लिव्हर असेल तर मनगट वर मुडपतं आणि करंगळीकडचा किंवा अंगठ्याकडचा भाग बधिर होतो. टायरमध्ये हवा पुस्तिकेत दिलेली, १०० सीसीच्या गाडीत एकट्यासाठी साधारण पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय, तीही टायर थंड असताना. पंपावर सवयीने दोन्हींत ३५ भरली की प्रत्येक खड्डा थेट कण्यात जातो. हँडलखालचा कोनसेट (हँडल वळवणाऱ्या बेअरिंग) ढिला किंवा खाच पडलेला असेल तर हँडल सारखं धरून ठेवावं लागतं. चेन अति ताणलेली, इंजिन माउंटिंगचे बोल्ट सैल, शॉकअपमधून तेल गळतंय, हे त्याच खेपेला पाहून घ्यायचं. हातमोजे घातले तर मूठ कमी आवळावी लागते. सिग्नलला ३० सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल करून हात सोडायचा. क्लच दाबून थांबणं हे पुढच्या हाताच्या दुखण्याचं मोठं कारण.

चालायची जागा घरी नाही, कंपनीत. जनरल पाळी सुटली की सगळ्या गेटांमधून वाहनं एकदम रस्त्यावर येतात आणि पहिला अर्धा तास चौक तुंबलेले असतात. तेवढा वेळ आवारात किंवा एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर चालून मग निघालं तर घरी पोचायला होणारा उशीर ३० मिनिटांपेक्षा कमी निघतो. पहिले दोन आठवडे १५ मिनिटं, मग दर दोन आठवड्यांनी ५ मिनिटं वाढवत ३० पर्यंत, आठवड्यातून पाच दिवस. वेग मिनिटाला १०० पावलांच्या वर. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका दम लागायला हवा. नवव्या आठवड्यापासून एक मिनिट झपाझप, दोन मिनिटं नेहमीच्या चालीने, असे सहा फेरे.

इथे हमखास बिघडतं ते बुटांवरून. सेफ्टी शूज घालून चालल्यावर आठवड्याभरात टाच आणि नडगी दुखू लागते, आणि माणूस "चालणं मानवत नाही" म्हणून थांबतो. लॉकरमध्ये साधे चालायचे बूट ठेवायचे. दुसरी अडचण उपाशीपोटाची. दुपारचं जेवण साडेबाराला आणि चालणं साडेपाचला, त्यामुळे आधी मूठभर फुटाणे आणि पाणी घ्यायचं. आपल्या माणसाला औषध नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या सहकाऱ्याने ही योजना डॉक्टरांना विचारूनच उचलायची आणि गाडीला किल्ली लावण्याआधी साखर तपासायची. चालल्यानंतर साखर खाली गेलेला माणूस महामार्गावर नको. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) घेणाऱ्यांना वरचे ठोक्यांचे आकडे लागू पडत नाहीत, त्यांनी वर दिलेल्या बोलण्या-गाण्याच्या चाचणीवर चालावं.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, त्यातला एक वार गुरुवार. खुर्चीला टेकून उठायच्या बैठका १० ते १२, भिंतीवर हात टेकून जोर १०, दाराला अडकवलेला रबरी पट्टा कोपरं मागे नेत ओढणं १२, पाठीवर झोपून कंबर उचलणं १२, असे दोन फेरे, महिन्याने तीन. पट्टा ओढणं वगळायचं नाही. स्वारीत खांदे पुढे गोलावतात आणि त्यावर हाच उतारा आहे. लोंबकळणं किंवा जड डंबेल असे मूठ दमवणारे प्रकार स्वारीच्या लगेच आधी करायचे नाहीत, ब्रेक आणि क्लचची पकड त्यात जाते. गुरुवारी सकाळी निगडीची दुर्गादेवी टेकडी ४५ मिनिटं चढून उतरली तर आठवड्यातला सहावा दिवसही भरतो.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, किंवा नेहमीच्या चढावर अचानक वाढलेली धाप दिसली तर योजना तिथेच थांबवून हृदयतपासणी करून घ्यायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी ९८ सेंटिमीटर कमरेच्या माणसाने ही खूण "गाडीमुळे पाठ भरली असेल" म्हणून सोडू नये.

बारा आठवड्यांनी चार गोष्टी पुन्हा मोजायच्या: बसल्यावरचे ठोके, ताशी ५ किलोमीटरने १० मिनिटं चालतानाचे ठोके, कंबर नाभीच्या पातळीवर, आणि एचबीए१सी. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे ते याआधी करून उपयोग नाही. चालतानाचे ठोके ११४ वरून १०५ च्या आसपास आले तर हृदयाला सराव झाला. ते बदलले नाहीत आणि चालण्याची वही मात्र पूर्ण भरलेली असेल, तर वेग कमी पडतोय, पावलं मोजून पाहायची. ठोके उतरले पण कंबर जागच्या जागी असेल तर ताटाकडे वळायचं. आणि गाडीवरचे ठोके पुन्हा मोजायचे असतील तर जरूर मोजावेत. मोकळ्या रस्त्यावर ते ८४ वरून ८० पर्यंत उतरले, तर तो सराव चालण्यातून आलेला असेल.